गिअरबॉक्सचा बिघाड, मूळ रेडिएटरमध्ये

अमेरिकेत विकल्या गेलेल्या 2005 ते 2010 सालच्या निसान पाथफाइंडर या एसयूव्हीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी होण्याचे कारण पुष्कळदा गिअरबॉक्सबाहेर, रेडिएटरमध्ये आढळले. गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. त्याला तडा गेला की कूलंट तेलात शिरते आणि लाल, पारदर्शक तेल गुलाबी, दुधाळ होते. तिकडच्या वाहनधारकांनी त्याला ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ म्हटले. नाव गोड, परिणाम कडू.

बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट घटणे, चालत्या गाडीला थरथर जाणवणे, गिअर उशिरा पडणे ही लक्षणे होत. क्लचच्या चकत्यांवरील अस्तराचा गोंद कूलंटमुळे सुटतो. म्हणून तेल दुधाळ दिसताच इंजिन बंद करून गाडी ओढून न्यावी. मिश्रण नुकतेच झाले असल्यास रेडिएटर बदलून तेल पुनःपुन्हा बदलल्याने गिअरबॉक्स कधीकधी वाचतो. थरथर सुरू झाल्यावर मात्र तो उघडून चकत्या व टॉर्क कन्व्हर्टर बदलण्यावाचून सहसा गत्यंतर नसते. जुना रेडिएटर तसाच ठेवून केवळ गिअरबॉक्स बदलणे व्यर्थ. कित्येक मालकांनी तडा जाण्यापूर्वीच तेलासाठी स्वतंत्र कूलर बसवून रेडिएटरमधील मार्ग बंद केला.