एल्मचं धनुष्य आणि बांधावरचा वावळा

आज थोडा लाकडाचा इतिहास.

डेन्मार्कात होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ साली लाकडी धनुष्यं सापडली. साधारण ९००० वर्षांपूर्वीची, एल्म झाडाची. ती करणारे थोराड झाड घेत नव्हते. बारीक, सरळ, कमी गाठींचं खोड बघायचे. साल काढली की खालच्या लाकडाला हत्यार लावायचं नाही, ती धनुष्याची पाठ. दोरी ओढली की ताण पाठीवर येतो. तिथला रेषा कापला गेला तर धनुष्य तिथंच मोडणार. तासायचं ते पोटाकडून.

एल्मचे रेषे एकमेकांत गुंतलेले, सहजी फाटत नाहीत. म्हणून युरोपात गाडीच्या चाकाचा तुंबाही एल्मचाच करायचे. ११८८ साली वेल्समध्ये फिरलेल्या जेराल्ड नावाच्या पाद्र्यानं लिहून ठेवलंय, तिथली एल्मची धनुष्यं दिसायला ओबडधोबड, पण बाण ओकच्या जाड दारात घुसायचे.

एवढं चिवट झाड, पण बुरशीपुढं टिकलं नाही. १९६० नंतर परदेशातून सालीसकट आलेल्या ओंडक्यांबरोबर जहाल बुरशी ब्रिटनमध्ये शिरली. सालीतल्या भुंग्यांनी ती पसरवली. अडीच कोटींच्या वर झाडं वाळली.

आपला वावळा एल्मच्याच कुळातला. दोघांचं बी पापडीसारखं, वाऱ्यावर उडणारं. म्हणून सांगतो, बाहेरचं लाकूड किंवा रोप बांधावर आणाल तेव्हा आधी साल नीट बघा. सालीखाली भोकं दिसली तर ते शेतात ठेवू नका.