कापसाच्या मुलखातली गिरणी

1 जुलै 1865. मुंबईत त्या दिवशी वायद्याचे सौदे चुकते व्हायचे होते आणि ते चुकते करायला बहुतेकांच्या हाती पैसाच उरला नव्हता. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला. चार वर्षांत आलेला हा पैसा नव्या बँकांत, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांत आणि त्यांच्या शेअरांत फिरत राहिला. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपले. भाव कोसळले, पाठोपाठ पेढ्या बुडाल्या.

नसरवानजी टाटांची पेढी या तडाख्यात सापडली, तेव्हा त्यांचा मुलगा जमशेटजी लंडनमध्ये होता. बँक काढायला म्हणून तो तिथे गेला होता. बरोबर नेलेल्या कापसाच्या हुंड्यांना आता कागदाचीच किंमत उरली होती. पंचविशीतल्या या तरुणाने घेणेकऱ्यांना टाळले नाही. सगळा हिशेब त्यांच्यासमोर मांडला आणि देणी निस्तरण्याचे कामही अंगावर घेतले. एकाच तेजीवर सगळे भांडवल लावले की काय होते, हे त्याने तिथे अगदी जवळून पाहिले.

1868 मध्ये जमशेटजींनी 21,000 रुपयांवर स्वतःचा व्यापार सुरू केला. पुढच्या वर्षी चिंचपोकळीची बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची सूतगिरणी केली आणि दोनेक वर्षांत ती नफ्यात विकली. मग त्यांनी पुन्हा इंग्लंड गाठले आणि लँकेशायरचा कापडधंदा नीट अभ्यासला. परतल्यावर गिरणीची जागा शोधताना त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या: कापूस जवळ हवा, माल खपायला बाजार हवा आणि पाणी व इंधन हाताशी हवे.

त्या काळी गिरणी म्हटली की मुंबई, असेच समीकरण होते. जमशेटजींचे बोट मात्र नागपूरवर थांबले. वर्धा-हिंगणघाटचा कापूस दाराशी होता, 1867 पासून रेल्वे नागपूरपर्यंत येत होती, चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला कोळसा सापडला होता. हातमागावर विणणाऱ्या कोष्ट्यांची मोठी वस्ती गावातच असल्याने सुताला गिऱ्हाईक होते. 1874 मध्ये 15 लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची दलदल भरून घेण्यापासून काम सुरू झाले. एका मारवाडी सावकाराने या धंद्यात पैसे घालायला नकार दिला. सोने मातीत पुरण्याचा हा प्रकार त्याला पटत नव्हता. पुढे गिरणीची भरभराट पाहून, या माणसाने मातीतून सोने काढले, अशी कबुली त्यानेच दिल्याचे सांगतात.

1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, सुमारे 30,000 चात्या आणि 450 मागांची ही गिरणी सुरू झाली. तिचे नाव पडले एम्प्रेस मिल. कारभार सोपवला होता बेझनजी मेहतांकडे. ते रेल्वेतून आलेले, कापडधंद्यात नवखे होते. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी सांभाळत.

सुरुवात मात्र अडखळत झाली. पैसे वाचवण्यासाठी घेतलेली यंत्रे हलकी निघाली, सूत नीट निघेना. जमशेटजींनी चूक रेटून नेली नाही. चांगली यंत्रे मागवली. लँकेशायर अजून जुन्या चात्यांवर विसंबून असताना रिंग चाती आधी थोड्या प्रमाणात चालवून पाहिली आणि उत्पादन वाढते अशी खात्री पटल्यावरच ती सगळीकडे बसवली. कापसाच्या गिरणीत आगीची भीती रोजची, म्हणून आग लागताच आपोआप पाणी सोडणारे स्प्रिंकलर बसवले. धागा तुटू नये म्हणून हवेत ओलावा राखणारी यंत्रेही आणली.

इतक्या विचारी माणसाचाही एकदा तोल गेला. 1886 मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल सुमारे साडेबारा लाखांत मिळत होती आणि ती घेण्यामागे मुख्य आकर्षण किमतीचे होते. नागपूरला जागा निवडताना जो कस लावला, तो इथे लागला नाही. यंत्रे झिजलेली निघाली, सूत खपेना, बँकेने कर्ज नाकारले. शेवटी कुटुंबासाठी केलेला ट्रस्ट मोडून आणि एम्प्रेसचे काही शेअर विकून त्यांनी पैसा उभा केला, नागपूरहून कसलेली माणसे आणली. हीच पुढची स्वदेशी मिल. मजबूत पायावरची एक गिरणी हाताशी होती, म्हणून दुसरी तरली.

नागपुरातली सगळ्यात मोठी अडचण मात्र माणसांची होती. कामगार हवे तेव्हा गावी जात आणि रोज बरेच माग रिकामे राहत. दंड वाढवण्याऐवजी गिरणीने कामगारांना टिकून राहावेसे वाटेल असे काही करून पाहिले. चांगल्या कामाबद्दल बक्षिसे दिली, 1886 मध्ये पेन्शन फंड काढला, 1895 पासून अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई दिली आणि 1901 मध्ये भविष्य निर्वाह निधी सुरू केला. यातली कोणतीच गोष्ट तेव्हा कायद्याने बंधनकारक नव्हती.

1986 मध्ये गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये, सव्वाशे वर्षांनी, बंद झाली. तिने आपणहून सुरू केलेल्या गोष्टी कायद्यात यायला मात्र बराच काळ जावा लागला होता. कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात 1923 मध्ये झाला आणि भविष्य निर्वाह निधीचा 1952 मध्ये. तेव्हा एम्प्रेसच्या निधीला 51 वर्षे झाली होती.