जुन्या डेस्कटॉप संगणकांची दुरुस्ती व जतन

बंद पडलेले किंवा वापरातून बाद झालेले डेस्कटॉप संगणक दुरुस्त करून पुन्हा उपयोगात आणणे व चालू स्थितीत राखणे, हा जगातील अनेक देशांत जोपासला जाणारा एक तांत्रिक छंद आहे. त्याचे दोन प्रवाह आहेत. दहा-पंधरा वर्षे जुना संगणक अल्प खर्चात दैनंदिन कामास लावणे हा पहिला. तर १९७० ते १९९० च्या दशकांतील यंत्रे ऐतिहासिक वस्तू म्हणून जतन करणे हा दुसरा. पहिल्यात सुटे भाग बदलून यंत्राची क्षमता वाढवली जाते, दुसऱ्यात शक्य तितके मूळ भाग राखले जातात.

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने ‘आयबीएम पीसी’ हा संगणक बाजारात आणला. जादा कार्डे बसवण्यासाठी त्यात स्लॉट होते, आणि त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत विद्युत मंडलांच्या आकृत्या छापलेल्या होत्या. लवकरच इतर कंपन्यांनी त्याच्याशी सुसंगत संगणक व सुटे भाग तयार केले. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने मांडलेल्या ‘एटीएक्स’ मानकामुळे मदरबोर्डचा आकार, स्क्रूंच्या जागा व वीजजोडण्या निश्चित झाल्या. त्यामुळे एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या संगणकात बसवता येतो. लॅपटॉपचे बरेचसे भाग मात्र त्या-त्या मॉडेलपुरतेच असल्याने या छंदात डेस्कटॉपला प्राधान्य मिळते.

संगणक बाद ठरण्याची कारणे

बाद ठरलेला प्रत्येक संगणक नादुरुस्त असतोच असे नाही. अनेकदा यंत्र सुस्थितीत असते, परंतु त्यावरील कार्यप्रणालीला मिळणारी सुरक्षा-अद्यतने थांबलेली असतात. विंडोज एक्सपीचे नियमित पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सुविधा आवश्यक असल्याने अनेक चालू संगणक त्यासाठी अपात्र ठरले.

नेहमीचे बिघाड व उपाय

* सेल संपणे : तारीख मागे जात असेल किंवा बायोसमधील नोंदी पुसल्या जात असतील, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा ‘सीआर२०३२’ सेल बदलावा लागतो.
* सेल गळणे : १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील व १९९० च्या दशकाच्या आरंभीच्या अनेक मदरबोर्डांवर डाख देऊन जोडलेली निकेल-कॅडमियम बॅटरी असे. तिच्यातून गळणारा अल्कली द्रव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. म्हणून असे यंत्र हाती आल्यावर प्रथम ती काढतात, व्हिनेगरने अल्कलीचा प्रभाव घालवतात आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करतात.
* रॅमचा संपर्क तुटणे : संगणक सुरू होताना बीप वाजून पडदा कोरा राहतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हळुवार पुसून ती पुन्हा बसवल्यास हा दोष बहुधा दूर होतो.
* कपॅसिटर फुगणे : साधारणपणे १९९९ ते २००७ या काळातील अनेक मदरबोर्डांत सदोष विद्युत-अपघटनी द्रव असलेले कपॅसिटर वापरले गेले. त्यांच्या जागी तितक्याच धारकतेचे आणि तितक्या किंवा अधिक व्होल्टेज क्षमतेचे कपॅसिटर बसवतात.
* अतितापन : धूळ काढून प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावतात.

हार्ड डिस्कमधून खरखर आवाज येत असल्यास दुरुस्तीपूर्वी तिच्यातील माहितीची प्रत काढणे श्रेयस्कर ठरते. यांत्रिक डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यास जुना संगणक लक्षणीय जलद चालतो.

कार्यप्रणालीची निवड

दैनंदिन वापरासाठी पपी लिनक्स, अँटिएक्स, लुबुंटू अशा हलक्या लिनक्स आवृत्त्या निवडल्या जातात. तथापि, ३२-बिट संगणकांसाठी पर्याय कमी होत आहेत. लिनक्स कर्नेलने २०१३ मधील ३.८ या आवृत्तीपासून ८०३८६ प्रोसेसरचे पाठबळ थांबवले, तर २०२५ मधील डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर वगळण्यात आला.

जुन्या मजकुराचे जतन

जुने संगणक राखण्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे त्यांवर तयार झालेला मजकूर. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीच्या निरनिराळ्या सॉफ्टवेअरचे संकेत परस्परांहून भिन्न होते. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवल्यावर पडद्यावर देवनागरीसह भारतीय लिप्या दिसत. पुढे विंडोजवरील अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्याच संकेतांवर देवनागरी अक्षरखंड बसवलेले होते. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडल्यास निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात.

असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. परंतु या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, तर रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये हा क्रम उलट असल्याने रूपांतरात चुका संभवतात. मूळ मजकूर पडद्यावर जसाच्या तसा दाखवणारा चालू संगणक असेल, तर शब्दशः पडताळणी करता येते. फ्लॉपी वाचण्यासाठीही जुने यंत्र उपयोगी पडते.

सुरक्षितता व मर्यादा

भारतात २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या एसएमपीएसमधील कपॅसिटरांत वीज बंद केल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टांहून अधिक दाब राहू शकतो. जुन्या काचनळीच्या रंगीत मॉनिटरमध्ये तो २० हजार व्होल्टांहून अधिक असतो. म्हणून या दोहोंचे आवरण नवशिक्याने उघडू नये. पाठबळ संपलेली कार्यप्रणाली असलेला संगणक इंटरनेटला जोडणेही धोक्याचे असते.

जुना संगणक दुरुस्त केल्याने इलेक्ट्रॉनिक कचरा टळतो. मात्र विजेचा खर्च वाढू शकतो. पेंटियम ४ मालिकेतील काही प्रोसेसर एकटेच १०० वॅटहून अधिक वीज घेत. त्यामुळे असे यंत्र दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा गरजेपुरते वापरणे योग्य ठरते. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या भागांत शिसे व इतर घातक द्रव्ये असू शकतात. ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावेत. भारतात यासंबंधीचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

हेही पाहा

* इलेक्ट्रॉनिक कचरा
* लिनक्स
* युनिकोड