तोफा थंडावल्या आणि सायकली निघाल्या: १९१९

आजचा एपिसोड सायकल शर्यतीवर आहे, पण टूर द फ्रान्सवर नाही. टूर येईल शेवटाकडे, पिवळ्या जर्सीसकट. त्याआधी दोन महिने मागे जाऊ, १९१९च्या एप्रिलमध्ये.

हातात मोबाईल आहेच, तर मॅप उघडा. फ्रान्सच्या पूर्व टोकाला स्ट्रासबर्ग शोधा. तिथून वर लक्झेंबर्ग. मग ब्रुसेल्स. मग खाली आमियाँ, पॅरिस, पूर्वेला बार-ल-द्युक, त्याच्या खाली बेलफोर, आणि परत स्ट्रासबर्ग. सात टप्पे, जवळपास २,००० किलोमीटर. २८ एप्रिलला सुरू, ११ मेला शेवट. टप्पा किती मोठा? बहुतेक सगळे पावणेतीनशे ते सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात. आज टूरमध्ये दोनशेच्या पुढचा टप्पा आला की लोक म्हणतात, बापरे, मोठा आहे.

आता या ठिपक्यांना जोडणारी रेष बघा. पॅरिसचा वळसा सोडला, तर ती साधारण पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीच्या मागेपुढे फिरते. हा योगायोग नाही. शर्यतीचं नावच होतं 'सिरक्वी दे शाँ द बाताय', म्हणजे रणभूमींची फेरी.

युद्धविराम झाला ११ नोव्हेंबर १९१८ला. म्हणजे तोफा थांबून साडेपाच महिनेच झाले होते. शांतता करार तर झालाच नव्हता. जर्मन प्रतिनिधींच्या हातात अटींचा मसुदा पडला ७ मेला, ही शर्यत चालू असताना. व्हर्सायची सही त्याच्याही नंतर, २८ जूनला.

जमिनीचं काय? आघाडीच्या पट्ट्यात गावंच्या गावं नकाशावर नावापुरती उरली होती. न फुटलेले गोळे, गॅसचे गोळे, काटेरी तारा, जनावरांचे सांगाडे, आणि माणसं. पुरलेली आणि न पुरलेली. साफसफाई करायला जर्मन युद्धकैदी होते, हजारो चिनी मजूर होते. फ्रान्सने नंतर या पट्ट्यातल्या सगळ्यात वाईट भागाला 'लाल विभाग' ठरवलं. त्यातल्या काही जमिनीवर आजही शेती करता येत नाही, आणि आसपासच्या शेतांमध्ये नांगराला दरवर्षी गोळे लागतातच.

मग प्रश्न असा, की अशा जागी सायकल शर्यत घ्यायची कल्पना कुणाच्या डोक्यात येते? उत्तर सोपं आहे: वर्तमानपत्राच्या.

आयोजक होतं 'ल पती जुर्नाल' नावाचं पॅरिसचं दैनिक. एकेकाळी रोज दहा लाख प्रती विकणारं. १८९१ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत यांचीच. म्हणजे सायकल शर्यत काढली की खप वाढतो, हे गणित यांना टूरच्या जन्माआधीपासून माहीत होतं. पण १९०३मध्ये 'लोतो' या क्रीडा दैनिकाने टूर द फ्रान्स काढली आणि बाजी मारली. १९१५ ते १९१८ टूर झालीच नाही. १९१९च्या उन्हाळ्यात ती परत येणार होती. तिच्या आधी काहीतरी मोठं करायचं, तर वसंतातच करायला हवं. आमच्या धंद्यात याला एक नाव आहे: लाँचची तारीख आधी ठरते, काम किती आहे ते नंतर बघतात.

वर भावनेची बाजू भक्कम होती. स्ट्रासबर्ग १८७१पासून जर्मनीकडे होतं, ते आत्ता कुठे फ्रान्सला परत मिळालं होतं. तिथून निघायचं, मित्रराष्ट्र बेल्जियममधून जायचं, शहीदांच्या भूमीला वंदन करत परत तिथेच पोहोचायचं. कागदावर हे इतकं सुंदर दिसतं, की याला नाही कोण म्हणणार?

पण सायकलवर कोण बसणार होतं, ते बघा.

युद्धाआधीचे मोठे चेहरे आता नव्हते. १९०७ आणि १९०८ची टूर जिंकणारा ल्यूसियाँ पती-ब्रेताँ सैन्यात असताना मोटार अपघातात गेला. १९१०चा विजेता ऑक्टाव्ह लापिझ लढाऊ विमानाचा पायलट झाला आणि १४ जुलै १९१७ला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, त्याचं विमान पाडलं गेलं. आणि १९०९चा विजेता फ्रांस्वा फाबेर. हा नागरिकत्वाने लक्झेंबर्गचा, त्यामुळे फ्रान्ससाठी लढायला त्याला परकीयांच्या पलटणीत, फॉरिन लीजनमध्ये, भरती व्हावं लागलं. ९ मे १९१५ला आर्तुआच्या लढाईत तो मारला गेला. शर्यतीचा पहिला टप्पा संपला त्याच्या लक्झेंबर्गमध्ये. ९ मेची तारीखही शर्यत चालू असतानाच येऊन गेली.

जे उरले होते, त्यांची चार वर्षं गेली होती. सायकलपटूचं वय म्हणजे काय, फार तर दहा-बारा वर्षं. त्यातली चार खंदकात, नाहीतर कारखान्यात, नाहीतर कैदेत. शर्यती नाहीत म्हणजे बक्षिसं नाहीत, कंपन्यांकडून पगार नाही. मला वाटतं, ही शर्यत समजून घ्यायची तर शहीदांना वंदन वगैरे बाजूला ठेवून इथून बघावं. या लोकांना कामाची गरज होती आणि हे काम समोर आलं होतं.

ऐंशीहून जास्त जण स्ट्रासबर्गहून निघाले. पहिला टप्पा जिंकला ऑस्कर एगने. हा स्वित्झर्लंडचा, एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम याच्या नावावर: ४४.२४७ किलोमीटर, ऑगस्ट १९१४, म्हणजे युद्ध पेटलं त्याच महिन्यात. पण त्याचा वेग गुळगुळीत ट्रॅकवरचा. पुढे रस्त्याला रस्ता म्हणावं का, असाच प्रश्न होता.

२ मे. ब्रुसेल्स ते आमियाँ, ३२३ किलोमीटर. हा टप्पा जरा सावकाश बघू.

सायकल कशी, ते आधी डोळ्यासमोर आणा. लोखंडी फ्रेम, वजनाला आजच्या रेसिंग सायकलच्या जवळपास दुप्पट. गिअर एकच. फार तर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळे दात, आणि गिअर बदलायचा म्हणजे उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं. थंडीत बोटं बधिर झाली असतील तर हेच काम दहा मिनिटांचं. खांद्यावर आडवे गुंडाळलेले जादा टायर. अंगात लोकरीची जर्सी, जी भिजली की सुकत नाही. आणि त्या दिवशी वारा तोंडावर, पाऊस, मधेच बर्फाळ पाऊस.

बेल्जियम ओलांडून ते ईप्र शहराच्या भागात शिरले. हे शहर चार वर्षांच्या तोफांनी जवळपास सपाट झालं होतं. इथून पुढे दगडी फरसबंदी होती तिथे ती उखडलेली, नव्हती तिथे चिखल. गोळ्यांच्या खड्ड्यांवर फळ्या टाकून लष्करी ट्रक जातील इतपत केलेली वाट. सायकल चालवण्यापेक्षा ढकलणं, उचलणं जास्त. गाव लागेल, भाकरतुकडा मिळेल, कुणी रस्ता सांगेल, तर गावच नाही. पाट्या नाहीत. संध्याकाळ झाली की पुढचं काही दिसत नाही.

शेवटचा मोठा पट्टा होता सोम नदीच्या रणभूमीचा: बापोम, मग आल्बेर, मग आमियाँ. इथे आपल्याकडचं एक नाव आडवं येतं. बापोम-आल्बेर रस्त्यापासून काही किलोमीटरवर 'हाय वुड' नावाची राई आहे. १४ जुलै १९१६ला तिथे ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या 'डेक्कन हॉर्स' या पलटणीने घोड्यावरून, भाले घेऊन हल्ला केला होता. मशीनगनसमोर भाले. तीन वर्षांनी त्याच उजाड मुलखातून अंधारात ही सायकलवाली पोरं चालली होती.

शार्ल देरॉयटर हा बेल्जियन आमियाँला पहिला पोहोचला. वेळ: साडेअठरा तासांच्या आसपास. सरासरी काढली तर ताशी साडेसतरा किलोमीटर. व्यावसायिक शर्यतीचा हा विजेता आहे, लक्षात घ्या. पुण्यात ऑफिसला सायकलने जाणारी माणसंही सपाट रस्त्यावर या वेगाने जातात.

आणि हा पहिला. बाकीचे रात्रभर येत राहिले. काहींनी सोडून दिलेल्या खंदकांत, बंकरांत अंग टेकलं आणि उजाडल्यावर परत निघाले. काही दुसऱ्या दिवशी पोहोचले. त्यांनाही शर्यतीत राहू दिलं, नाहीतर पुढच्या टप्प्याला माणसंच उरली नसती. मोठ्या कंपन्यांच्या स्वारांना निदान कुणीतरी विचारणारं होतं. स्वतःच्या खर्चाने आलेल्यांना जेवण, झोपायची जागा, पंक्चर, सगळं स्वतःच बघायचं. बक्षिसाची आशा जवळपास शून्य असताना ते का थांबले नाहीत, याचं मला खरोखर कुतूहल वाटतं.

हा देरॉयटर कोण होता, तेही सांगतो. १९१३च्या पॅरिस-रूबे शर्यतीत तो दुसरा आला होता. पहिला आलेला फाबेर.

आमियाँनंतर शर्यत तशी ठरलीच होती. पॅरिस झालं, बार-ल-द्युक झालं. हे तेच गाव, जिथून १९१६मध्ये व्हर्दंच्या लढाईला रात्रंदिवस ट्रकने रसद जायची. मग व्होज डोंगर, तिथे मे महिन्यात बर्फ. ११ मेला देरॉयटर स्ट्रासबर्गमध्ये विजेता ठरला. दुसरा उर्बेन आन्सेऊ, तोही बेल्जियन. सगळे टप्पे पूर्ण करणारे एकूण २१.

पुढच्या वर्षी ही टप्प्यांची शर्यत झाली नाही, नंतरही कधीच नाही. माझं मत विचाराल तर आयोजकांना हवी होती ती गोष्ट या रस्त्याने दिलीच नाही. विजयी फ्रान्सच्या पवित्र भूमीवरून दौडणारे वीर छापायचे होते. दिसली ती चिखलात सायकल खांद्यावर घेतलेली, थंडीने काकडलेली माणसं, आणि त्यांच्या मागे सरकार अजून साफ करू न शकलेली जमीन. अशा चित्रावर दरवर्षी जाहिराती विकता येत नाहीत.

'लोतो'वाल्यांनाही रस्ता काही वेगळा मिळाला नव्हता. २९ जूनला, व्हर्सायच्या सहीच्या दुसऱ्याच दिवशी, टूर द फ्रान्स निघाली. ६७ जण सुटले, अंतिम यादीत राहिले १०. सरासरी ताशी २४ किलोमीटर, टूरच्या इतिहासातली सगळ्यात कमी. सायकल कंपन्यांकडे माल नव्हता, म्हणून त्यांनी मिळून 'ला स्पोर्तीव्ह' नावाचा एकच संघ केला होता आणि बहुतेकांच्या अंगात सारख्याच राखाडी जर्सी. पुढे कोण आहे हे रस्त्याकडेच्या लोकांना कळेना. १९ जुलैला ग्रनोब्लमध्ये आघाडीवरच्या यूजेन क्रिस्तोफला पहिली पिवळी जर्सी मिळाली. लोक त्याला कॅनरी पक्षी म्हणून चिडवायला लागले, तेव्हा तो वैतागलाही. मग उत्तरेत, युद्धाने फोडलेल्या रस्त्यांवर, मेत्झ ते डंकर्क या ४६८ किलोमीटरच्या टप्प्यात त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क तुटला. नियमाप्रमाणे दुरुस्ती स्वतःच करायची. ती होईपर्यंत जर्सी फिर्मां लांबोकडे गेली, आणि टूरही.

क्रिस्तोफच्या त्या फोर्कवर, खरं तर त्याच्या एकूण नशिबावर, एक वेगळा एपिसोड करता येईल. ऐकायचा असेल तर कळवा. तोवर मॅप बंद करायच्या आधी बापोम ते आल्बेर हा रस्ता एकदा सॅटेलाइट व्ह्यूमध्ये बघा. आता सगळी शेतं आहेत. मधेमधे छोटे पांढरे चौकोन दिसतील, ती दफनभूमी.