पाठीवरचा पत्रा

ओझे वाहणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते. ओझे किती जड आहे यापेक्षा ते अंगाशी कसे तोलले आहे, यावरच त्याचे श्रम अवलंबून असतात. कावडीने पाणी वाहणारा हे जाणतो. डोईवर हंडा घेऊन चढण चढणारी स्त्रीही जाणते. श्वासाची हवाच पाठीवर घेऊन पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याला मात्र हे शहाणपण फार महागात मिळाले.

1943 साली फ्रान्समध्ये जाक् कुस्तो आणि एमील गान्यां यांनी मागणीनुसार हवा पुरविणारे श्वसनयंत्र सिद्ध केले आणि माणूस पाण्याखाली मोकळेपणाने विहरू लागला. हवेची टाकी पट्ट्यांनी पाठीला आवळली की काम भागत असे. उघड्या समुद्रात ते पुरेसे होते; कारण संकट आलेच, तर डोक्यावर पाण्याचा पृष्ठभाग होता.

फ्लोरिडाच्या उत्तर भागातील चुनखडीच्या गुहांत हा आधार नव्हता. तेथील नितळ झऱ्यांचे मुख खडकाच्या पोटात खोलवर जाते. वर छत, खाली पिठासारखा मऊ गाळ आणि सुटकेची वाट एकच : आलो त्याच मार्गाने परत. पायाचा एक फटकारा तळाला लागला, की गाळ उसळून दिव्याचा प्रकाशही दिसेनासा होई. या गुहांनी कित्येक तरुणांचे बळी घेतले. शेक एक्सली या गुहासंशोधकाने या अपघातांचा अभ्यास करून 1979 साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. बाहेरच्या पाण्यापर्यंत अखंड दोर ठेवा. हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यास वापरा आणि उरलेले दोन भाग परतीसाठी व संकटासाठी राखा, असे तिचे सांगणे होते.

हवा राखायची, तर ती अधिक न्यावी लागणार. म्हणून जोडटाक्या आल्या. दोन्ही टाक्या एका नळीने जोडलेल्या व प्रत्येकीवर स्वतंत्र श्वसनयंत्र. एक यंत्र बिघडले तर त्याची तोटी बंद करून दुसऱ्यावर परत फिरता येते. परंतु एवढा भार पाठीवर डुगडुगू लागला, तर तोल कसा राहावा? तरंगण्यासाठी गळ्यात घालावयाची हवेची पिशवी छातीकडून उचल घेई. शरीर उभे होई आणि पाय नेमके गाळात जात.

याच 1979 साली ग्रेग फ्लॅनगन याने उत्तर फ्लोरिडातील गुहापाणबुड्यांसाठी बॅकप्लेट, म्हणजे पाठीचा पत्रा, बनविला. धातूचा एक जाड तुकडा, मधोमध उभी पन्हळ पाडलेला. टाक्यांच्या पट्ट्यांतून आलेले दोन बोल्ट त्यात बसतात. त्यांतील अंतर 11 इंच. पत्रा आणि टाक्या यांच्यामध्ये हवेची पिशवी. उचल पाठीकडूनच मिळू लागली आणि पाणबुड्या तळाला समांतर, आडवा तरंगू लागला. पुढे विल्यम होगार्थ मेन याने अनावश्यक ते सारे काढून टाकण्याचा बाणा स्वीकारून ही मांडणी अधिक साधी केली. खांद्यांवरून व कमरेभोवती जाणारा एकच अखंड पट्टा त्या साधेपणाची खूण ठरला.

हा पत्रा मूळचा जोडटाक्यांचा. पाठीवर एकच टाकी घ्यायची, तर ती पन्हळीच्या उंचवट्यावर टेकून डोलते. म्हणून मध्ये एक जोडपट्टी बसवितात, किंवा टाकीचे पट्टे ओवण्यासाठी खाचा पाडलेला पत्रा घेतात. पिशवीही अरुंद लागते. जोडटाक्यांची रुंद पिशवी एका टाकीभोवती दोन्ही बाजूंनी गुंडाळली जाते.

धातूची निवड याहून महत्त्वाची. पोलादी पत्रा सुमारे अडीच ते तीन किलोचा, ॲल्युमिनियमचा सुमारे एक किलोचा. ॲल्युमिनियमची टाकी भरलेली असताना बुडते आणि रिकामी होत आली की तरंगू पाहते. तिच्या जोडीला पोलादी पत्रा शोभतो, कारण कमरेचे शिसे तेवढे कमी होते. जड पोलादी जोडटाक्यांवर पोलादी पत्रा चढवून पातळ रबरी पोशाखात खोल जाणे मात्र घातक. खोलवर पोशाख दाबला जाऊन त्याची तरंगशक्ती घटते. त्यातच पिशवी फाटली, तर पोहून वर येणे अशक्य होते. तेथे ॲल्युमिनियमचा हलका पत्राच बरा.

म्हणून जाणता पाणबुड्या आधी पत्रा निवडीत नाही. कोठे जायचे, किती हवा लागेल, अंगावर काय असेल आणि सारे बिघडले तर परत कसे यायचे, हे तो प्रथम ठरवितो. मग पत्रा आपोआप ठरतो. गाळात हरवलेल्यांच्या मरणातून घडलेली ही साधी वस्तू आहे. तिच्या साधेपणाची किंमत कोणी दिली, हे विसरणे बरे नव्हे.