लॅपटॉप हॉटस्पॉट

लॅपटॉप हॉटस्पॉट म्हणजे लॅपटॉपला मिळालेली इंटरनेट जोडणी त्याच्या वाय-फाय यंत्रणेद्वारे आसपासच्या मोबाईल, टॅबलेट किंवा अन्य संगणकांना पुरवण्याची सोय होय. जेथे केवळ तारेची जोडणी किंवा यूएसबी डोंगल उपलब्ध असते व स्वतंत्र राउटर नसतो, तेथे ही सोय उपयोगी पडते.

कार्यपद्धती

हॉटस्पॉट सुरू केल्यावर लॅपटॉप राउटरची कामे करू लागतो. तो वाय-फाय जाळ्याचे नाव प्रसारित करतो आणि जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला डीएचसीपी पद्धतीने खासगी आयपी पत्ता देतो. विंडोजमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता सामान्यतः १९२.१६८.१३७.१ असतो. पत्ता रूपांतरणामुळे (नॅट) सर्व उपकरणांची माहिती मूळ जोडणीच्या एकाच पत्त्यावरून बाहेर जाते.

इतिहास

विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत (१९९९) इंटरनेट जोडणी वाटून घेण्याची सोय आली. पुढे वाय-फाय असलेले संगणक परस्परांशी 'ॲड-हॉक' पद्धतीने जोडता येत असत. मात्र अनेक अँड्रॉइड फोन अशा जाळ्यांना जोडले जात नसत. विंडोज ७ (२००९) मध्ये आभासी वाय-फाय आले, परंतु त्यासाठी आज्ञा टंकित कराव्या लागत. २०१६ साली विंडोज १० च्या अद्ययावत आवृत्तीत 'मोबाईल हॉटस्पॉट' हा पर्याय सेटिंग्जमध्येच देण्यात आला. त्यावर ८ उपकरणे जोडता येतात. मॅकओएसमध्ये 'इंटरनेट शेअरिंग', तर लिनक्समध्ये 'नेटवर्क मॅनेजर' यांद्वारे हे काम होते.

मर्यादा

लॅपटॉप निद्रावस्थेत गेल्यास जोडणी खंडित होते. एकाच वाय-फाय यंत्रणेने इंटरनेट घेणे व देणे ही दोन्ही कामे केल्यास वेग घटतो. बॅटरीही लवकर संपते.

सुरक्षा

सर्व उपकरणे बाहेरून एकाच पत्त्याने ओळखली जात असल्याने, त्यांपैकी कोणीही केलेल्या गैरवापराचा माग प्रथम जोडणीधारकापर्यंत पोहोचतो. असाच प्रकार घरगुती वाय-फायच्या बाबतीत २६ जुलै २००८ रोजी घडला. अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना पाठवलेला ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी इंटरनेट सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या.

त्यामुळे हॉटस्पॉटसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा निवडणे, अंदाज बांधता येणार नाही असा परवलीचा शब्द ठेवणे (डब्ल्यूपीए२ मध्ये तो किमान ८ अक्षरांचा असावा लागतो) आणि काम संपताच हॉटस्पॉट बंद करणे आवश्यक ठरते. जोडलेल्या उपकरणांची यादी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये पाहता येते.