किटलींतून चढलेले मासे

कॅलिफोर्नियाच्या पूर्वेस सिएरा नेवाडा ही जी पर्वतरांग उभी आहे, तिच्या माथ्यावर हजारों लहानमोठीं तळीं आहेत. पाठीवर तंबू व शिधा घेऊन दिवसचे दिवस डोंगर तुडविणारा वाटसरू संध्याकाळीं अशा एखाद्या तळ्याकांठीं मुक्काम करतो, गळ टाकतो, आणि ट्राउट मासा तव्यावर पडला म्हणजे निसर्गानें आपला पाहुणचार केला असें समजतो. वस्तुतः हा पाहुणचार निसर्गाचा नव्हे. हिमनद्यांनीं कोरलेल्या या उंच तळ्यांपैकीं बहुतेकांत मासा मुळीं नव्हताच. खालून वर येण्याची त्याची वाट धबधब्यांनीं अडविली होती. तो वर नेला माणसानें.

या उद्योगाचा आरंभ मोठा गमतीचा आहे. कर्न नदीच्या उपनद्यांत सोनेरी अंगाचा व तांबड्या पोटाचा एक देखणा ट्राउट आढळतो. शेर्मन स्टीव्हन्स नांवाच्या लाकूडगिरणीच्या मालकानें १८७६ सालीं मल्की ओढ्यांतील जेमतेम डझनभर मासे कॉफीच्या किटलींत घालून डोंगर ओलांडला, आणि आपल्या गिरणीजवळच्या कॉटनवुड ओढ्यांत सोडले. १८९१ सालीं त्यांचीच प्रजा वरच्या कॉटनवुड तळ्यांत पोंचली. एका किटलींत मावलेलें हें कुळ पुढें किती पसरलें!

किटलीच्या जागीं पुढें खेचरांच्या पाठीवरचे डबे आले. खेचराच्या हिसकाबसणाऱ्या चालीनें डब्यांतील पाणी सारखें हिंदकळे व त्यांत हवा मिसळे. म्हणून चाल थांबली कीं पिलांचा जीव धोक्यांत येई, आणि रात्रीच्या मुक्कामीं डबे वाहत्या ओढ्यांत ठेवावे लागत. सिएरा क्लबच्या सामुदायिक पर्वतयात्रा १९०१ पासून सुरू झाल्या. जॉन म्यूर १९१४ च्या अखेरीस वारले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवाच्या वाटेसाठीं राज्याच्या विधिमंडळानें दहा हजार डॉलर मंजूर केले. सुमारें ३४० किलोमीटरांची ती वाट १९३८ सालीं पुरी झाली. वाटा वाढल्या तसे गळ वाढले, गळ वाढले तशी माशांची मागणी वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर विमानांतून तळ्यांत पिलें ओतण्यांत येऊं लागलीं.

परंतु तीं तळीं ओसाड होतीं काय? तेथें पिवळ्या पायांचा एक बेडूक अमाप संख्येनें नांदत होता. त्याचीं शेपटीवालीं पिलें वाढावयास दोन-तीन, क्वचित् चार वर्षें लागतात. तितके हिवाळे काढावयाचे तर तळाशीं न गोठणारें खोल तळेंच हवें, आणि माशांनाही तेंच हवें. मासे आले तेथें पिलें खाल्लीं गेलीं. ग्रिनेल व स्टोरर या प्राणिशास्त्रज्ञांनीं १९२४ सालींच हें नोंदविलें होतें. पण मासा धरणाऱ्याला आरोळी ठोकतां येते, बेडकाच्या वतीनें कोण ओरडणार? योसेमिटी राष्ट्रीय उद्यानांत मासे सोडणें १९९१ मध्यें बंद झालें. रोलंड नॅप व कॅथलीन मॅथ्यूज यांनीं शेंकडों तळीं धुंडाळून २००० सालीं जो निष्कर्ष मांडला, त्यानें जुन्या नोंदीस भक्कम आधार मिळाला. मधल्या काळांत बुरशीजन्य रोगानें उरलेल्या बेडकांवरही घाला घातला होता. २०१४ सालीं अमेरिकन सरकारनें या बेडकाची गणना नष्टप्राय जातींत केली.

सुवर्ण ट्राउटाचें नशीबही विचित्रच. परक्या डोंगरांत त्याचें राज्य झालें. त्याच्या मूळच्या ओढ्यांत मात्र बाहेरून आणलेल्या तपकिरी ट्राउटानें त्याला खाल्लें, आणि इंद्रधनुषी ट्राउटाशीं संकर होऊन त्याची जात बाटली.

किंग्ज कॅन्यन उद्यानांत २००१ पासून निवडक तळ्यांतून मासे काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. विष न घालतां जाळीं लावून, कांहीं ठिकाणीं तर गोठलेल्या बर्फाखालीं हिवाळाभर तीं तशींच ठेवून, एकेक तळें रिकामें करावें लागतें. जेथें आसपास थोडे बेडूक शिल्लक होते, तेथें कांहीं वर्षांतच कांठचे दगड त्यांनीं पुन्हां भरून गेले. इतर कित्येक तळ्यांत ट्राउट अजून आहेत, आणि वाटसरू तेथें गळ टाकून बसतात.